खाड्यातली तीन झाडं

जुलैअखेर. यवतमाळ जिल्ह्यातलं एक कपाशीचं वावर, आणि त्यात आमच्या निंदणाच्या रोबोटची चाचणी. यंत्र चालवणं माझ्याकडे नव्हतं. ते जे बघतं ते साठवणं माझ्याकडे.

साठवणं म्हणजे किती? १२८० बाय ७२० चा रंगीत कॅमेरा, सेकंदाला ३० फ्रेम, कॉम्प्रेस न करता: सेकंदाला ८३ एमबी. कॅमेरे दोन. म्हणजे तासाला ६०० जीबी, आणि १ टीबीची एसएसडी पावणेदोन तासांच्या आत गच्च. गावातल्या नेटवर १० एमबीपीएसनं तेवढं चढवायला नऊ दिवस लागतात, म्हणून आमचा क्लाउड एसटीनं यवतमाळला जातो.

रोज रात्री एसएसडी रिकामी करायची, हा नेम. आदल्या रात्री लाइन गेली, कॉपी अर्धवट राहिली. सकाळी घाईत मी पाहिलंच नाही.

अकराच्या सुमारास वावरवाले काका धुऱ्यावरून ओरडले, "थांबव ना बाप्पा त्याले! पऱ्हाटी कापून राहिला तो!"

लॉग उघडला. डिस्क भरून रेकॉर्डर १०:१२ लाच मेलेला. रोबोट मात्र निवांत चालत होता, कारण रेकॉर्डिंग बंद पडलं तर थांब, असं आम्ही त्याला कुठे सांगितलंच नव्हतं. एसएसडीत मोकळ्या काळ्या मातीचे शेकडो जीबी होते. ती कापणी तेवढी नव्हती.

काकांनी कपाशीच्या ओळीत नेऊन दाखवलं. तीन बुडखे. "हे नांगे भरलेले होते. दहा दिवस मागून लावले, म्हणून बारके." नांगे किंवा खाडे म्हणजे बी न उगवलेल्या रिकाम्या जागा. रोबोटच्या तण ओळखणाऱ्या मॉडेलच्या लेखी बारकं म्हणजे तण. एवढ्या झाडांत हे लक्षात कसं राहिलं, विचारलं तर म्हणाले, "सारं कायले ध्यानात ठेवू? खाडा कुठं पडला होता, तेवढंच राह्यते."

संध्याकाळी रोसबॅग, म्हणजे रोबोटचं रेकॉर्डिंग करणारं सॉफ्टवेअर, स्नॅपशॉट मोडवर टाकलं. सोय आधीपासून होती, मीच वापरली नव्हती. आता रॅममध्ये फक्त शेवटचे २० सेकंद फिरत राहतात; स्टॉपचं बटण दाबलं की तेवढेच, सव्वातीन जीबी, डिस्कवर उतरतात. रेकॉर्डर मेला की चाकंही थांबतात.

दुसऱ्या दिवशी स्टॉपचा रिमोट काकांच्या हाती दिला. दुपारपर्यंत त्यांनी तो चौदा वेळा दाबला. त्यातल्या दोनदा चहा आला होता.