भांदकच्या काळ्या मातीत खडकीचा चिखल

नागपूरहून चंद्रपूरची लालपरी पकडली तेव्हा डोक्यात फक्त विजासनची लेणी होती. बुटीबोरी, मग वरोरा, आणि दोन्ही बाजूंना वेचणी उरकत आलेली कपाशी. गाव भद्रावती, पण रेल्वे स्टेशनचं नाव भांदक, त्यामुळे रस्ता विचारायचा तर दोन्ही नावं तोंडात ठेवावी लागतात. लेणी चांगली आहेत. टेकडीच्या पोटात लांब बोळ कोरलाय, टोकाला बुद्ध बसलेले. पण आत गारवा, बाहेर ऊन आणि पोटात भूक. अर्ध्या तासात मी मित्राच्या मोटरसायकलवर मागे बसून त्याच्या गावाकडे निघालो.

गाव सात-आठ किलोमीटर आत. कोळशाच्या ट्रकांनी रस्त्याची जी चाळण केलीय, तिच्याबद्दल लिहीत नाही. माझ्या कमरेने तेव्हाच काय ते सांगितलं. काकूंनी सोलेभात केला होता. तुरीचे हिरवे सोले, वर कच्चं तेल, सोबत जवसाची चटणी. मी पुण्याचा माणूस, तिसऱ्यांदा वाढून घेतला तेव्हा काकू म्हणाल्या, "पुन्याले तूर नाई मिळत का जी?" मिळते काकू, पण अशी नाही.

जेवताना नजर भिंतीवर गेली. कालनिर्णयच्या बाजूला खिळ्याला हॉकी स्टिक लटकवलेली. जुनी, तुतीच्या लाकडाची, मानेपाशी तडकलेली आणि सुतळीने घट्ट आवळलेली. सुतळीवर सरस चोपडलेला, आता काळा पडलाय.

मित्राचे वडील चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या, ऑर्डनन्स फॅक्टरीतून (दारूगोळ्याच्या कारखान्यातून) निवृत्त झाले. त्याआधी, बदली होऊन इकडे येईपर्यंत, पाच-सहा वर्षं पुण्यातल्या खडकीच्या कारखान्यात होते. साधारण १९७६ ते ८२. मी खडकी ऐकलं आणि हातातला घास तसाच राहिला. हॉकीचा कप्तान धनराज पिल्ले तिथलाच.

"मग काका, धनराज पिल्लेला पाहिलंय तुम्ही?"

काका हसले. "पाह्यला असन. पन सांगू कसा? कॉलनीच्या ग्राउंडवर वीस-पंचवीस पोट्टे खेळत. त्यातलाच एक असन. तवा कोनाले मालूम का हा कप्तान होनार हाये?"

हे उत्तर मला फार आवडलं. दुसरा कोणी असता तर 'माझ्या मांडीवर खेळला' म्हणून मोकळा झाला असता.

धनराजचा जन्म १६ जुलै १९६८ चा, खडकीचा. वडील त्याच कारखान्याच्या कॉलनीत मैदानाची देखभाल करायचे. घर तमिळ, पोरं खडकीत वाढलेली. भावाभावांत मोडक्या स्टिका आणि टाकून दिलेले चेंडू, आणि खेळायला कारखान्याच्या आवारातली मऊ, चिखलट जमीन. काकांना धनराज आठवत नाही, पण तो चिखल मात्र लख्ख आठवतो. "पावसायात बॉल थांबेच. मंग काय, उचलून नेल्यासारखा न्या लागे, काठीले चिकटवून."

जेवण झाल्यावर आम्ही घरामागच्या पटांगणात गेलो. काकांनी स्टिक माझ्या हातात दिली. हॉकीच्या स्टिकची एकच बाजू सपाट असते, दुसरी गोल, आणि चेंडू मारायचा सपाटच बाजूने. म्हणजे चेंडू उजवीकडून डावीकडे आणि परत न्यायचा तर दर वेळी मनगटात काठी उलटी करायची. काळ्या मातीत, ढेकळांत हे करून बघा. मी केलं. चेंडू हातभर गेला आणि एका भेगेपाशी अडकला. काका शांतपणे म्हणाले, "सिमेंटच्या रस्त्यावर शिकला असशीन."

मजा अशी की काका खडकीत रुजू झाले त्याच वर्षी, १९७६ ला, माँट्रिअल ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम गवतावर खेळली गेली. आदल्याच वर्षी क्वालालंपूरला गवतावर विश्वचषक जिंकलेला भारत तिथे सातवा आला. सपाट गालिच्यावर चेंडू बाणासारखा पळतो. तिथे मनगटापेक्षा दम आणि लांब पास जास्त चालतात. चिखलात शिकलेल्या पोराला पुढे याच गालिच्यावर कारकीर्द काढायची होती. तो मुंबईला मोठ्या भावाकडे गेला, तिथल्या लीगमध्ये खेळला आणि १९८९ मध्ये दिल्लीच्या आशिया चषकात भारताकडून उतरला. त्याने मनगट सोडलं नाही, वर वेग चढवला. चेंडू घेऊन तो सुटला की बचावाचे खेळाडू मागे सरकताना दिसायचे. माझ्या मते आपल्या हॉकीत गालिच्यावर चिखलाची कला टिकवणारे फार थोडे झाले, त्यांत हा पहिला. काकांना मात्र त्याच्या आधीचा खेळाडू मोहम्मद शाहिद त्याच्याहून मोठा वाटतो. त्यावरून आमचं अर्धा तास वाजलं.

चार ऑलिंपिक (१९९२ ते २००४), चार विश्वचषक, चार चॅम्पियन्स ट्रॉफी, चार आशियाई स्पर्धा. तीनशेच्या वर सामने. पण काकांची आठवण एकच, १९९८ च्या बँकॉकच्या आशियाई स्पर्धेची. कर्णधार धनराज, अंतिम सामना दक्षिण कोरियाशी, १-१ बरोबरी, मग पेनल्टी स्ट्रोक. गोलरक्षक आशिष बल्लाळ गोलात उभा राहिला आणि भारत ४-२ ने जिंकला. आशियाई सुवर्ण ३२ वर्षांनी, आणि १९६६ चंही बँकॉकलाच मिळालेलं. "फॅक्टरीत पेढे वाटले मी," काका म्हणाले. "लोक म्हनत, तुमचा पोरगा पास झाला का?"

नंतर जे झालं ते सांगताना मात्र त्यांनी आवाज खाली घेतला, जणू घरातलीच गोष्ट. सुवर्ण घेऊन आलेल्या संघातल्या अनेकांना, कर्णधारासकट, थोड्याच दिवसांत बाहेर बसवलं गेलं. खेळाडूंनी पैशाचा, सोयींचा विषय काढला होता. धनराज परत आला. सिडनीला २००० मध्ये पोलंडने शेवटच्या मिनिटांत बरोबरी केली आणि उपांत्य फेरी हातातून गेली. २००३ मध्ये त्याच्याच कर्णधारपदाखाली क्वालालंपूरला पाकिस्तानला ४-२ ने हरवून आशिया चषक आला. ऑलिंपिक पदक आलंच नाही.

पाचची गाडी गाठायची होती. निघताना काकांनी स्टिक परत खिळ्याला लावली आणि दाराशी आले.

"पुन्याले गेल्यावर खडकीले जाजो बेटा. पावसायात. ते ग्राउंड हाये का बिल्डिंग झाली, तेवढं पाहून सांगजो."

मित्राने मोटरसायकलला किक मारली तेव्हा ते मागून पुन्हा ओरडले, "अन् बॉल थांबते का तेही!"