डिस्प्लेवर पाचच

सकाळी शटर वर केलं तेव्हा मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, आधीच दारात उभी होती. चाळीस फुटी, २००७ सालची, मागे इंजिन असलेली. तापलेल्या ब्रेकचा वास दहा पावलांवरून नाकात शिरत होता. आमचं वर्कशॉप टेनेसीत, चॅटानूगाच्या जवळ. इथे मुख्यतः कचरागाड्या, डंपर, शाळेच्या बस असल्या कष्टकरी गाड्यांचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स येतात. पडदे लावलेलं, आतून चहा-कॉफीचा वास येणारं गिऱ्हाईक क्वचितच.

मालक सत्तरीतले आजोबा. आदल्या संध्याकाळी आय-२४ वरून मॉन्टीगलचा घाट उतरताना त्यांचा जीव टांगणीला लागला होता. "एक्झॉस्ट ब्रेक लावला की नुसता घों घों आवाज. गाडी काही रोखली जाईना. मग पायाचा ब्रेक दाबत दाबतच खाली आलो." एक्झॉस्ट ब्रेक म्हणजे धुराची वाट अडवून इंजिनकरवी गाडी रोखणारा ब्रेक.

"कधीपासून?"

"गिअरबॉक्स बदलल्यापासून."

इथे माझे कान टवकारले. दोन महिन्यांपूर्वी, दुसऱ्या राज्यात, प्रवासातच जुना गिअरबॉक्स गेला होता. तिथल्या गॅरेजने अपघातात मोडीत निघालेल्या एका मालवाहू ट्रकचा गिअरबॉक्स आणून बसवला. ॲलिसन कंपनीच्या ३००० सीरिजच्या जागी ॲलिसन ३००० सीरिज. आणखी एक तक्रार होती, तीही आजोबांनी जाता जाता सांगितली: ताशी ६५ मैलांना इंजिन पूर्वी १७०० आरपीएमवर असायचं, आता दोन हजाराला टेकतं आणि डिझेल जास्त पितं. त्यांना ती वेगळी तक्रार वाटत होती. मलाही तेव्हा तसंच वाटलं, खोटं कशाला सांगू.

गाडी आत घेतली. ड्रायव्हरच्या सीटवर बसून इंजिन चालू केलं, ब्रेकवर पाय ठेवला आणि डी दाबला. या पिढीच्या बटणांच्या पॅडवर दोन आकडे दिसतात. डावीकडचा आकडा म्हणजे जास्तीत जास्त कुठला गिअर मिळणार, उजवीकडचा म्हणजे आत्ता कुठला लागलाय. मोटरहोममध्ये डी दाबला की "६ १" दिसायला हवं.

दिसलं "५ १".

न्यूट्रल करून पुन्हा डी दाबला. "५ १". मी त्या पाचाकडे बघत बसलो. हेल्पर पोरगा खिडकीतून डोकावत म्हणाला, "पाच गिअरचा बॉक्स बसवला की काय?"

गंमत अशी की पाच गिअरचा म्हणून वेगळा बॉक्स या घराण्यात नसतोच. आत ग्रहचक्रांचे, म्हणजे प्लॅनेटरी गिअरचे, तीन संच आणि पाच क्लच, सी१ ते सी५. कुठल्याही गिअरला दोन क्लच धरतात. पहिल्याला सी१ आणि सी५, दुसऱ्याला सी१ आणि सी४, पाचव्याला सी२ आणि सी३. सहाव्याला लागतात सी२ आणि सी४, आणि हे दोघेही खालच्या गिअरमध्ये आधीच कामाला असतात. म्हणजे सहावा गिअर लोखंडात असतोच. तो द्यायचा की नाही हे टीसीएम, म्हणजे गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर ठरवतो. शहरात फिरणाऱ्या मालवाहू ट्रकला सहाव्याची फारशी गरज नसते, म्हणून त्यांच्या कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे त्या कॉम्प्युटरमध्ये भरलेल्या सेटिंगमध्ये, अनेकदा तो बंदच असतो. पाचव्याचं गुणोत्तर ०.७५, सहाव्याचं ०.६५. १७०० ला ०.७५ ने गुणून ०.६५ ने भागा, १९६० येतात. आजोबांचे "दोन हजार" हेच.

टीसीएम शोधून काढला. त्यावरचं लेबल आणि लॅपटॉपवरचं कॅलिब्रेशन, दोन्ही ट्रकचीच. त्या गॅरेजने बॉक्सबरोबर त्याचा कॉम्प्युटरही उचलून आणला होता. तर्क कळतो: हा कॉम्प्युटर या बॉक्सला ओळखतो, मग जोडी कशाला फोडा? पण टीसीएमला बॉक्सपेक्षा गाडी जास्त ओळखावी लागते. मागे कुठला ब्रेक आहे, कुठल्या वायरवर कुठला सिग्नल येतो, पीटीओ, म्हणजे पंपासारखी यंत्रं चालवायला बॉक्समधून शक्ती काढणारा जोड, आहे का, हे सगळं त्यात असतं. ट्रकच्या टीसीएमला एक्झॉस्ट ब्रेक म्हणजे काय हेच सांगितलेलं नव्हतं. तो ब्रेक इंजिन जोरात फिरत असेल तेव्हाच खरा पकडतो. म्हणून मोटरहोमच्या कॅलिब्रेशनमध्ये ब्रेकचं बटण चालू असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की गिअर आपोआप खाली खाली येतात आणि आरपीएम वर राहतो. घाटात आजोबांच्या गाडीत ते घडलंच नाही. दोन तक्रारी नव्हत्याच, एकच होती.

"जुना कॉम्प्युटर फेकला का हो त्यांनी?"

आजोबांनी गाडीच्या पोटातला सामानाचा कप्पा उघडला. खुर्च्या, पाण्याचा पाइप, आणि मागे तेलाचे डाग पडलेलं पुठ्ठ्याचं खोकं. "मी काही फेकत नाही," ते म्हणाले. खोक्यात जुना टीसीएम होता. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. तो नसता तर अधिकृत डीलरकडून मोटरहोमचं कॅलिब्रेशन भरून घ्यावं लागलं असतं, त्यात किमान दोन दिवस गेले असते.

पण लगेच लावला नाही. आधी खाली सरकलो आणि बॉक्सची पाटी पुसली. सीरियल ६५१ ने सुरू, म्हणजे ३००० चं घराणं पक्कं. पिढीही चौथीच होती, आणि ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. त्याआधीच्या पिढीचा बॉक्स बाहेरून जुळ्या भावासारखा दिसतो, बोल्टही बसतात, पण आतले सोलेनॉइड, म्हणजे तेल सोडणारे विजेचे व्हॉल्व्ह, वेगळे. त्या पिढीच्या कॉम्प्युटरला तीन कनेक्टर, हिच्या टीसीएमला ८० पिनांचा एकच. असा बॉक्स बसवून मग डोक्याला हात लावलेले लोक मी पाहिलेत. पाटीवरच्या नंबरावरून डीलरकडे फोन करून इंजिन आणि बॉक्स यांना तेलातून जोडणारा टॉर्क कन्व्हर्टरही ताडून घेतला. नशिबाने तोच निघाला. बाजूला, मागून पाहिलं तर घड्याळातल्या चार आणि आठच्या जागी, पीटीओच्या खिडक्यांवर झाकणं बसवलेली होती. ट्रकवर तिथे पंप असणार. मोटरहोमला त्याचा उपयोग नाही, पण त्रासही नाही.

पोरगा खाली आडवा होऊन बराच वेळ बघत होता. "इंजिन उलटं बसवलंय, मग बॉक्स उलटा फिरत नाही का?" प्रश्न चांगला होता. इंजिन आणि बॉक्स दोन्ही फिरवून बसवलेत, त्यामुळे बॉक्सला काहीच कळत नाही. दिशेची काळजी मागच्या ॲक्सलमधलं क्राउन व्हील घेतं. हेच मला कुणी पहिल्या वर्षी सांगितलं असतं तर एक अख्खी दुपार वाचली असती.

बॅटरी तोडून टीसीएम बदलला. मग लॅपटॉपवरून दोन कामं: ऑटोडिटेक्ट रीसेट, म्हणजे गाडीवर काय काय जोडलंय ते नव्याने ओळखायला लावणं, आणि ॲडॅप्टिव्ह रीसेट, म्हणजे आधी शिकलेलं पुसणं. टीसीएम प्रत्येक क्लच किती भरला की पकडतो हे शिकून ठेवतो, आणि याच्या डोक्यात मेलेल्या बॉक्सचे क्लच होते. ते पुसलं नाही तर नवा बॉक्स विनाकारण हिसके खातो.

तेलाची पातळी बघायला वर-खालीचे बाण एकदम दाबले. पॅडवर ओएल (ऑइल लेव्हल), मग ७० हा कोड. म्हणजे तेल अजून थंड. गाडी गरम करून आणली, सपाट जागी उभी केली, पुन्हा दाबले. उलटी गिनती संपली आणि एचआय आलं, मग ०३. म्हणजे तीन क्वार्ट जास्त. ट्रकच्या हिशोबाने ओतलं होतं. जास्त तेलात आतले भाग घुसळण करतात, फेस होतो, बॉक्स तापतो. काढलं.

डी दाबला. "६ १". पोरगा टाळी वाजवायचा बाकी होता.

आजोबांना शेजारी बसवून मॉन्टीगलला गेलो. पहिले पाच-सहा शिफ्ट आडमुठे, एक ते दोनला ठसका, मग लोणी. उतारावर एक्झॉस्ट ब्रेक चालू करून पाय काढला. आता डावीकडे ब्रेकने ठरवलेला दुसरा गिअर दिसायला लागला: पॅडवर "२ ६", क्षणभराने "२ ५", मग "२ ४". इंजिन ओरडलं आणि सीटबेल्ट छातीला लागला. आजोबा एक हात डॅशबोर्डवर ठेवून म्हणाले, "हं. ही माझी गाडी."

परतताना मी सहज विचारलं, "जुना बॉक्स गेला कशाने?"

"तेलात कूलंट गेलं म्हणाले."

"आणि कूलर?"

"धुतला म्हणाले."

वर्कशॉपला पोहोचेपर्यंत मी फारसं बोललो नाही. कूलरमध्ये एका बाजूने गिअरचं तेल, दुसऱ्या बाजूने इंजिनचं कूलंट. गाडी चालू असताना तेलाचा दाब जास्त, म्हणून तेल तिकडे जातं. बंद केली की गरम कूलंटचा दाब राहतो आणि ते इकडे येतं. मग ग्लायकॉल क्लच प्लेटांचं अस्तर सोलून काढतं. भोक धुऊन बुजत नाही.

इंजिन निवल्यावर कूलंटच्या टाकीचं झाकण काढून आत बोट फिरवलं. बोटावर बारीक तवंग, लालसर. तो जुन्या बॉक्सचा उरलेला असू शकतो, म्हणून कूलर सोडवला, एक तोंड बंद केलं, दुसरीकडे हवेचा दाब देऊन गेज लावला. आजोबांना संध्याकाळी फ्लोरिडाला निघायचं होतं. ते स्टूल घेऊन गेजसमोरच बसले.

दहा मिनिटं काटा हलला नाही. वीस मिनिटांनी दोन घरं खाली होता. मी कूलर पाण्याच्या टबात सोडला. एका कोपऱ्यातून, दमाने, एकेक बुडबुडा वर येत होता.

आजोबा उठून गाडीत गेले. आत आजींशी काहीतरी बोलणं झालं. थोड्या वेळाने कॉफीचे दोन मग घेऊन खाली आले, एक माझ्या हातात दिला.

"नवा कूलर कधी मिळेल?"

"उद्या दुपारी."

"मग आम्ही इथेच मुक्काम करतो," ते म्हणाले, "विजेचा प्लग तेवढा कुठे आहे सांगा."