४७व्या वर्षी पुढं काय?

कोल्हापुरात उद्यमनगरातल्या फौंड्रीत २२ वर्षं कास्टिंग, म्हणजे साच्यात धातू ओतून केलेले भाग, तपासले. तडा गेलाय का, हे हातोडीच्या आवाजावरनं सांगायचो. मार्चमध्ये मालकांनी शेड विकली आणि मी घरात.

रंकाळ्यावर सकाळी फिरायला गेलं की सगळे सल्लागार. "भावा, मिसळीची गाडी टाक." अरे, मला साधा कट जमत नाही, आणि मिसळ बिघडली तर कोल्हापूरकर तोंडावर सांगतो! मेव्हण्याच्या डोक्यात कोल्हापुरी चपलांचं ऑनलाइन दुकान, २०१९ला त्यांना जीआय, म्हणजे भौगोलिक ओळखीचा शिक्का, मिळालाय म्हणून. चामड्यातलं मला ओ की ठो कळत नाही.

गेल्या आठवड्यात शेजारच्या आयटीआयवाल्या पोराला व्हर्निअर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, वाचायला शिकवलं. आधी जबडे मिटवून शून्य जुळतंय का बघ, मग मुख्य पट्टी, मग सरकत्या पट्टीची कुठली रेघ जुळते ती शोध. एक घर म्हणजे ०.०२ मिलिमीटर. पोरगं तीनदा चुकलं, चौथ्यांदा हसलं. तास कसा गेला कळलंच नाही. दुसऱ्या दिवशी ते आणखी दोघांना घेऊन आलं.

हिनं चहा ठेवला आणि आतनंच विचारलं, "फी सांगितलासा का?"

नव्हती सांगितली. किती सांगायची, तेच ठरंना झालंय.