सोडतीत घर लागल्यानंतरचा हिशोब

म्हाडाच्या पुणे मंडळाच्या सोडतीत अल्प उत्पन्न गटातून आम्हाला घर लागले, तेव्हा अभिनंदनासाठी आलेल्या प्रत्येकाच्या बोलण्यात "आता सुटलात" हा सूर होता. सोडतीमुळे घराची किंमत आमच्या आवाक्यात आली, हे खरेच आहे. मात्र त्या किमतीतील आपल्या वाट्याची रोकड ठरलेल्या तारखेला उभी करणे आणि आपले उत्पन्न कागदावर सिद्ध करणे ही दोन कामे सोडत करून देत नाही. आमची खरी कसोटी तिथेच लागली. सर्वसामान्य कुटुंब घराच्या मासिक हप्त्यापाशी अडत नाही, ते त्याआधीच्या टप्प्यावर अडते, हे माझे मत या अनुभवातून बनले आहे.

आमचे घर वीस टक्के सर्वसमावेशक योजनेतील आहे. दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या महापालिका हद्दीत 4,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर प्रकल्प उभारणाऱ्या विकासकाला काही घरे अत्यल्प आणि अल्प उत्पन्न गटांसाठी राखून ठेवावी लागतात, आणि त्यांचे लाभार्थी म्हाडा सोडतीने ठरवते. घर बांधणारा आणि पैसे घेणारा खासगी विकासक, पण निवड म्हाडाची, असा हा मामला आहे. पुणे महानगर क्षेत्रात पती-पत्नीचे मिळून वार्षिक उत्पन्न 6 लाखांपर्यंत असल्यास अत्यल्प गट आणि 9 लाखांपर्यंत असल्यास अल्प गट धरला जातो. मी एका खासगी आस्थापनेत हिशोबनीस आहे आणि माझे पती स्वतःचा मालवाहू टेम्पो चालवतात. दोघांचे मिळून आम्ही दुसऱ्या गटात बसत होतो.

अर्जाची प्रक्रिया ऑनलाइन आहे आणि 2023 पासून कागदपत्रांची पडताळणी सोडतीच्या आधीच होत असल्यामुळे, नाव लागल्यानंतर कागदांअभावी घर हातचे जाण्याची धास्ती बरीच कमी झाली आहे. आधार, पॅन, अधिवास प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा पुरावा एवढेच प्रामुख्याने लागते. सुरुवातीच्या सोडतींत आमचे नाव आले नाही. अनामत रक्कम तेवढी खात्यात परत आली. त्याबद्दल अधिक सांगण्यासारखे काही नाही, कारण तो भाग निव्वळ नशिबाचा आहे.

घराची किंमत 24 लाख रुपये होती. त्याच इमारतसमूहातील खुल्या विक्रीच्या घरांचे दर पाहता ती खूपच कमी होती, आणि सोडतीशिवाय आम्ही त्या परिसरात घर पाहण्याचेही धाडस केले नसते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 30 लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या मूल्याच्या जास्तीत जास्त 90 टक्के रक्कम कर्जाऊ मिळू शकते. म्हणजे 21 लाख 60 हजार बँकेचे आणि 2 लाख 40 हजार आमचे. बहुतेक कुटुंबे हा आकडा डोळ्यांसमोर ठेवून बचत करतात आणि तिथेच हिशोब संपला असे समजतात. परंतु मुद्रांक शुल्क आणि नोंदणी शुल्क यांचा खर्च बँक घराच्या मूल्यात धरत नाही. पुण्यात मुद्रांक शुल्क, स्थानिक संस्था कर आणि मेट्रो अधिभार मिळून 7 टक्के होतात. घर केवळ महिलेच्या नावावर असल्यास त्यात एका टक्क्याची सवलत आहे. अर्ज माझ्या नावे असल्याने करारनामाही माझ्या एकटीच्या नावे केला आणि 1 लाख 44 हजार भरले. पतींचे नाव मालक म्हणून जोडले असते तर आणखी 24 हजार गेले असते. नोंदणी शुल्क एक टक्का, म्हणजे 24 हजार. बांधकाम सुरू असलेल्या आणि परवडणाऱ्या वर्गात मोडणाऱ्या घरावर वस्तू व सेवा कर एक टक्का, म्हणजे आणखी 24 हजार. अशा रीतीने 2 लाख 40 हजारांचे 4 लाख 32 हजार झाले. घराच्या किमतीच्या अठरा टक्के रक्कम रोख हवी, आणि तीही बँकेचा पहिला रुपया सुटण्याच्या आधी किंवा त्याच सुमारास.

आमच्यासारख्यांच्या उत्पन्नातून एवढी रक्कम साठायला किती वर्षे लागतात हे प्रत्येकाने आपापल्या घरभाड्याकडे पाहून ठरवावे. आमची भिशी आणि आवर्ती ठेव मिळून निम्म्याहून थोडे अधिक जमले. उरलेल्यातील मोठा भाग मी माझ्या भविष्य निर्वाह निधीतून घरखरेदीच्या कारणासाठी अंशतः काढला. निवृत्तीच्या पैशाला हात लावणे योग्य की अयोग्य यावर आमच्या घरी बराच खल झाला. माझा विचार असा होता की निवृत्तीनंतर भाडे भरावे लागणार नसेल, तर ती रक्कम वाया गेली असे म्हणता येत नाही. जी थोडी तूट राहिली ती माझ्या दिरांनी बिनव्याजी दिली. ज्याला असे दीर नाहीत आणि निर्वाह निधीचे खातेही नाही, त्याने ही अठरा टक्क्यांची भिंत कशी ओलांडावी, याचे उत्तर मला कोणत्याही योजनेत सापडले नाही.

कर्जाच्या बाबतीत अडचण व्याजदराची नव्हती. माझा पगार बँकेत जमा होतो, त्यामुळे माझ्या उत्पन्नाबद्दल प्रश्नच आला नाही. पण केवळ माझ्या पगारावर हव्या त्या रकमेचे कर्ज बसत नव्हते. पतींची कमाई माझ्यापेक्षा थोडी जास्त, मात्र तिचा मोठा हिस्सा रोखीत येणारा. टेम्पोसाठी कर्ज घेतल्यापासून ते नियमितपणे आयकर विवरणपत्र भरत आले आहेत, हे आमच्या पथ्यावर पडले. तरीही पहिल्या बँकेने विवरणपत्रातील उत्पन्न पूर्णपणे न धरता त्यातून टेम्पोचा हप्ता वजा केला आणि आमची पात्रता सोळा लाखांच्या आसपास आणून ठेवली. जो माणूस गेली कित्येक वर्षे दर महिन्याला भाडे आणि टेम्पोचा हप्ता दोन्ही न चुकता भरतो आहे, त्याची परतफेडीची क्षमता कागदावर कमी ठरते, आणि भाडे नियमित भरल्याची कुठेही नोंद होत नाही, ही गोष्ट मला आजही खटकते. आम्ही टेम्पोच्या कर्जाचे उरलेले थोडे हप्ते आधीच फेडून तसे ना देय प्रमाणपत्र घेतले, सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासाच्या नोंदीत, तो बदल दिसेपर्यंत थांबलो, तीन वर्षांची विवरणपत्रे आणि व्यवसायाच्या खात्याचे उतारे एकत्र बांधून दुसऱ्या बँकेत गेलो, आणि तिथे हवी ती रक्कम मंजूर झाली. पती सहकर्जदार आहेत, सहमालक नाहीत; असे करता येते हे बँकेतल्याच एका अधिकाऱ्यांनी समजावून सांगितले.

मंजुरीपत्र हातात पडण्याआधी कर्जासोबत विमा घेण्याचा आग्रह झाला, आणि त्याचा एकरकमी हप्ता कर्जातच मिळवून देण्याची तयारीही दाखवली गेली. म्हणजे विम्याच्या हप्त्यावर वीस वर्षे व्याज. असा विमा सक्तीचा नाही. तसे लेखी देण्याची विनंती केली तेव्हा विषय मागे पडला. कर्जदाराला विमा असावाच, याबद्दल दुमत नाही. आम्ही दोघांनी स्वतंत्रपणे साधा मुदत विमा घेतला आणि तो पुष्कळ स्वस्तात पडला.

मुदत किती वर्षांची घ्यावी याबाबत जो तो "हप्ता कमी ठेवा" असा सल्ला देत होता. 21 लाख 60 हजारांवर साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता सुमारे 18,745 रुपये येतो आणि तीस वर्षांचा सुमारे 16,600. महिन्याला साधारण 2,100 रुपयांच्या सवलतीसाठी एकूण व्याज जवळपास पावणेपंधरा लाखांनी वाढते. आम्ही वीस वर्षे निवडली. तरत्या, म्हणजे वेळोवेळी बदलणाऱ्या, व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड आकारता येत नाही, त्यामुळे जास्तीचे पैसे आले की ते मुद्दलात भरता येतात. पहिल्या महिन्याच्या हप्त्यातील 15,300 रुपये निव्वळ व्याजाचे असतात हे पाहिल्यावर ही सोय किती मोलाची आहे ते कळते.

करारनामा नोंदवण्यापूर्वी रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्याच्या कलम 13 नुसार विकासकाला किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. हे आम्हाला ठाऊक असल्याचा उपयोग झाला, कारण विकासकाच्या कार्यालयातून आधी त्याहून मोठी रक्कम मागितली गेली होती. कलमाचा उल्लेख करून पत्र दिल्यावर मागणी सुधारून आली. महारेरा या राज्यातील नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकून मंजूर नकाशे, पूर्णत्वाची तारीख आणि घराचे चटई क्षेत्र पाहता येते. करारनाम्यातील आकडे त्याच्याशी जुळवून मगच आम्ही दुय्यम निबंधक कार्यालयाची वेळ घेतली.

यानंतरचा काळ मला सगळ्यांत कठीण गेला, आणि त्याविषयी फारसे कोणी सावध करत नाही. महारेराच्या नमुना करारनाम्यात टप्प्यांनुसार रक्कम देण्याची मर्यादा आहे: जोत्यापर्यंत 45 टक्के, स्लॅब पूर्ण होईपर्यंत 70 टक्के, आणि असेच पुढे. जोते झाले तेव्हा बँकेने 8 लाख 40 हजार सोडले आणि त्यावर महिन्याला 5,950 रुपये व्याज सुरू झाले. स्लॅब पूर्ण झाले तेव्हा बँकेचे एकूण 14 लाख 40 हजार गेले होते आणि व्याज 10,200 वर पोहोचले. या रकमेतून मुद्दलाचा एक पैसाही फिटत नाही, आणि राहत्या जागेचे भाडे तर चालूच असते. जसजशी इमारत वर चढते तसतसे दोन घरांचे ओझे वाढत जाते. बांधकाम थोडे रेंगाळले की भुर्दंड थेट कुटुंबाच्या किराण्यावर येतो. मी पतींच्या फेऱ्यांचा हिशोब आठवड्याऐवजी रोज लिहू लागले, मुलीची खासगी शिकवणी बंद करून घरीच शिकवले, आणि त्या काळात दुसरा कोणताही हप्ता घरात येऊ दिला नाही. खुल्या बाजारात तयार घर आवाक्यात असते तर मी जास्त किंमत देऊनही त्याचा विचार केला असता, असे अनेकदा मनात आले.

पंतप्रधान आवास योजना-शहरी 2.0 मधील व्याज अनुदानासाठी आम्ही पात्र होतो. वार्षिक उत्पन्न 9 लाखांपर्यंत, घराची किंमत 35 लाखांपर्यंत, कर्ज 25 लाखांपर्यंत आणि ते 1 सप्टेंबर 2024 रोजी किंवा त्यानंतर मंजूर व वितरित झालेले, शिवाय देशात कुठेही पक्के घर नाही, अशा त्याच्या मुख्य अटी आहेत. कर्जाच्या पहिल्या 8 लाखांवर 4 टक्के दराने जास्तीत जास्त 1 लाख 80 हजारांचे अनुदान पाच वार्षिक हप्त्यांत कर्जखात्यात जमा होते. आम्ही बँकेमार्फत अर्ज केला आहे. मदत निश्चितच चांगली आहे, तरी ती कर्ज मिळालेल्यांनाच मिळते. हीच रक्कम मुद्रांक शुल्काच्या दिवशी हाताशी असती तर निर्वाह निधी मोडावा लागला नसता, असे मला राहून राहून वाटते. अनुदानाची रक्कम वाढवण्यापेक्षा ती सुरुवातीला देण्याचा मार्ग शोधला, तर आमच्या ओळखीतील निदान दोन-तीन कुटुंबे अर्ज करण्याचे धाडस करतील.

इमारत वापरास योग्य असल्याच्या भोगवटा प्रमाणपत्राची प्रत पाहिल्याशिवाय आम्ही ताबा घेतला नाही. बांधकामातील दोष ताब्यापासून पाच वर्षांच्या आत निदर्शनास आणल्यास विकासकाने तो स्वखर्चाने दुरुस्त करावयाचा असतो, म्हणून न्हाणीघराच्या भिंतीतील ओलीची तक्रार पहिल्याच पावसाळ्यात लेखी देऊन तिची पोच घेतली आहे. भाडे बंद झाले आणि पूर्ण हप्ता सुरू झाला. दोन्हींतील फरक आम्हाला पेलतो आहे. दिरांचे पैसे दर तिमाहीला थोडे थोडे परत जात आहेत. ते फिटले की तेवढीच रक्कम कर्जाच्या मुद्दलात भरायची, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे.