आलो, आले

शुक्रवार, रात्री साडेअकरा

संध्याकाळी गिरणीवालीचा फोन आला. तिचं खरं नाव इथे लिहीत नाही, माझ्या मोबाइलमध्येही ती 'गिरणीवाली'च आहे. तिचा मुलगा सातवीत आहे. त्याच्या वर्गात एक पोर आहे, मधल्या सुट्टीत जिन्याखाली एकटंच डबा खातं. बाकीची मुलं त्याला काय काय म्हणतात तेही तिने सांगितलं. ते राहू दे. 'आमचं बेणं विचारतंय, त्याच्याशी बोलायचं तर काय म्हणून बोलायचं? आता तूच सांग, तुला ठाव हाय.'

ठाव आहे खरं. पण 'नंतर सांगते' म्हणून फोन ठेवला आणि विचार करता करता भाजी करपवली.

१९९८ साली बाबांची पुण्याहून कोल्हापूरला बदली झाली तेव्हा मीही सातवीत होते. हजेरीत मुलांच्या यादीत. तोवर मला एक कला अवगत झाली होती, क्रियापद चुकवण्याची. मराठीत तोंड उघडलं की माणूस पकडलं जातं. 'मी आलो' म्हणायला जीभ उचलत नव्हती, 'मी आले' म्हणायची छाती नव्हती. मग 'मला भूक लागली', 'माझा अभ्यास झाला' असं आडून आडून चालायचं. 'मी पोळी खाल्ली' बिनधोक, कारण तिथे क्रियापद पोळीच्या मागे जातं. भविष्यकाळ तर फारच दयाळू. 'मी येईन' यात कुठे बाईपण, बुवापण नाही. शिक्षकांना वाटायचं पोरगं घुमं आहे. घुमं कसलं, प्रत्येक वाक्य आधी मनात उलटून बघावं लागायचं, तोवर समोरचा निघून जायचा.

गिरणी मंगळवार पेठेत होती. शाळा सुटल्यावर ती वडिलांच्या हाताखाली डबे वजन करायला बसायची, भुवया पिठाने पांढऱ्या. आमच्याच वर्गात होती, पण वर्गात मुलं-मुली एकमेकांशी बोलत नसत. मी ज्वारीचा डबा घेऊन उभी, आणि आतून तिचा आवाज, 'आलो, आलो!'

मी बघतच राहिले. कोल्हापुरात बायका सर्रास 'मी जातो, मी करतो' म्हणतात हे मला तेव्हा कुठे माहीत होतं.

'तू आलो का म्हणतेस?'

'मग काय म्हणू?'

'आले.'

'ते तुमच्या पुण्यात. मी आलो म्हणतो म्हणून काय पोरगा झालो व्हय?'

गिरणी चालू असताना ओरडूनच बोलावं लागतं, आणि ओरडताना वाक्य उलटून बघायला वेळ मिळत नाही. 'आणि मी आले म्हटलं तर?' तोंडातून निघून गेलं. तिने अर्ध्या किलोचं वजन पारड्यात ठेवलं, काटा स्थिर होऊ दिला. 'म्हण की. कुणी अडवलंय? जाड दळू का बारीक?'

एवढ्यावर मैत्री झाली असं नाही. माझा विश्वास बसायला आणखी दोन महिने गेले.

मंगळवारी, शुक्रवारी यल्लम्माचे जोगते, म्हणजे देवीला सोडलेले पुरुष, जोगव्याला यायचे. डोक्यावर जग, म्हणजे देवीची टोपली, अंगावर साडी, कपाळभर भंडारा. तिचे वडील सुपातून पीठ घालायचे आणि वाकून नमस्कार करायचे. पाठ फिरली की रांगेतले लोक एकमेकांना कोपरखळ्या मारायचे. एकदा मी डब्याआड तोंड लपवलं. नमस्कार करणारे होते, हसणारे होते, पण शेजारी बसून दोन घास खाणारं कुणी दिसत नव्हतं. मोठं झाल्यावर माझं असंच होणार, हे मी त्या दिवशी ठरवूनच टाकलं.

ती बाहेर येऊन पायरीवर बसली. 'भ्यालीस?'

भ्यालास नाही, भ्यालीस. घरात, शाळेत, कुठेच कुणी असं विचारलं नव्हतं. मी किती वेळ रडले कोण जाणे, दळण दोनदा थंड झालं.

पुढे एकदा वर्गात तिच्या तोंडून निसटलं, 'कंपासपेटी दे गं.' सगळा वर्ग फिदीफिदी हसला, बाईसुद्धा. ती उभी राहून म्हणाली, 'मी सगळ्यांनाच म्हणतो,' आणि दिवसभर पोरांना गं लावत सुटली. मॉनिटरला 'फळा पूस गं', कबड्डीच्या कॅप्टनला 'सरक गं'. शेवटी एकाने तिला ढकललं, गुडघा फुटला. घरी तिने सांगितलं, सायकलवरून पडलो.

१५ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला, तेव्हा पहिला फोन तिलाच केला. बातम्यांत सगळीकडे 'तृतीयपंथी'. मला पारलिंगी हा शब्द त्यातल्या त्यात बरा वाटतो, पंथ कसला ते मला अजून कळलेलं नाही. ती एवढंच म्हणाली, 'मग पेढे कोण देणार?'

२०११ च्या जनगणनेत देशभरात सहा वर्षांपर्यंतची ५४,८५४ मुलं 'इतर' या रकान्यात नोंदली गेली होती. त्या आकड्याचं मला अजून नवल वाटतं. इतक्या लहान पोरांसाठी तो रकाना भरला कुणी? आमच्या घरी तर 'पुरुष' असंच लिहिलं होतं, ठळक अक्षरात. जिन्याखालचं ते पोर त्या मोजणीनंतर जन्मलेलं.

साडेदहाला तिला परत फोन लावला.

'त्याला म्हणावं, आधी डबा घेऊन शेजारी जाऊन बस. काय म्हणायचं ते त्या पोरालाच विचार, पण पहिल्या दिवशी नको.'

'आणि तोवर?'

'तोवर भविष्यकाळात बोल म्हणावं. येशील का, खाशील का, खेळशील का.'

ती जरा वेळ गप्प. मग स्वतःशीच पुटपुटली, 'येशील... खाशील... खरंच की गं!' पलीकडून कुकरची शिट्टी ऐकू आली. 'ठेवतो गं बया, भात लागंल.'

'ठेव. मीपण ठेवते.'