तिखट वाढलं नव्हतं

एप्रिलातला रविवार, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. बेळगावात त्या आठवड्यात पारा ३६ अंशांपर्यंत चढत होता आणि वळवाचा एकही पाऊस झालेला नव्हता. पुण्याहून गोव्याला निघालेल्या चौदा जणांच्या टेबलावरून मटणाच्या सहा थाळ्या अर्धवट खाल्लेल्या परत आल्या. निरोप एकच, तिखट भयंकर झालंय, तोंडात धरवत नाही.

हॉटेलात थाळी परत आली की कॅप्टनने, म्हणजे वाढपावर देखरेख करणाऱ्या माझ्यासारख्याने, आधी किचनमध्ये जायचं, टेबलावर माफी मागायला नंतर. रस्सा खरोखर बिघडला असेल तर बाकीच्या टेबलांवर तोच जातोय, आणि तो आधी थांबवायला हवा. मी आत गेलो तेव्हा त्याच पातेल्यातून सकाळपासून नऊ टेबलं जेवून उठली होती. एकाचीही तक्रार नव्हती. त्यांतल्या एका टेबलावर सात-आठ वर्षांची दोन मुलं होती.

आमच्या आचारी मामांनी पळी खाली ठेवली नाही. "डबा तोच, माप तेच, मिरची तीच. चाखून बघा की."

माप मला पाठ आहे. दहा किलो मटणाला साडेतीनशे ग्रॅम तिखट. त्यात २४० ब्याडगी, ११० संकेश्वरी. ब्याडगी रंगासाठी, संकेश्वरी जाळासाठी. ब्याडगीला २०११ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते तिच्या गडद लाल रंगामुळे आणि सौम्य तिखटपणामुळे. निव्वळ ब्याडगीचा रस्सा लालभडक दिसतो पण जिभेला लागत नाही. हे प्रमाण उलटं झालं तर मात्र घोटाळा होतो आणि नव्या पोराच्या हातून तो होतोही, कारण दळल्यावर दोन्ही डबे सारखेच दिसतात. म्हणून आमच्याकडे संकेश्वरीच्या डब्याच्या कडीला काळी दोरी बांधलेली असते. दोरी होती. मी वाटीभर रस्सा प्यायलो. रोजचाच होता. कानाच्या पाळ्या गरम झाल्या, जीभ पोळली नाही.

मग टेबलावर गेलो आणि ताटं बघितली. उत्तर तिथेच मांडून ठेवलं होतं. दह्याच्या वाट्या जशाच्या तशा बाजूला सारलेल्या. लोण्याचे गोळे भाकरीशेजारी वितळून थाळीत पसरलेले. प्रत्येकाच्या हाताशी लाल वाइनचा ग्लास. दोन बाटल्या संपत आल्या होत्या, तिसरी सील न फोडता उभी होती. त्यांच्यातल्या एका काकांनी सगळ्यांना सांगितलं होतं की वाइनबरोबर दही खात नाहीत, चव मारली जाते. त्यांचा हेतू चांगला होता. पण उत्तर कर्नाटकी थाळीत दही आणि लोणी शोभेला ठेवलेलं नसतं. तिखटातलं कॅप्सायसिन, म्हणजे मिरचीतलं झोंबणारं द्रव्य, पाण्यात विरघळत नाही, तेलातुपात आणि दुधातल्या केसीन या प्रथिनात अडकून जिभेवरून निघतं. दही काढून ठेवलं की थाळीचा ब्रेकच काढून ठेवल्यासारखं होतं.

बाटलीवर लिहिलं होतं १४.५ टक्के अल्कोहोल, ओकच्या पिंपात मुरवलेली शिराज. महाग होती, आणि महाग म्हणून निवडली होती. मी मटण तपासायचा सुईचा थर्मामीटर धुऊन एका ग्लासात घातला. २९ अंश.

लाल वाइन 'रूम टेंपरेचर'ला प्यायची, हे वाक्य युरोपातल्या थंड घरांसाठी आहे. तिथली खोली म्हणजे १६ ते १८ अंश. बेळगावातली एप्रिलची खोली म्हणजे तीस. त्या तापमानाला फळाचा वास मागे पडतो आणि अल्कोहोल नाकात चढतं.

मी किचनच्या खिडकीशी तीन वाट्या मांडल्या. पहिलीत नुसता रस्सा. दुसऱ्या वाटीतला रस्सा घेतला आणि लगेच त्या गरम लाल वाइनचा घोट. तिसऱ्या वाटीनंतर फ्रिजमधल्या शेनिन ब्लाँ या थोड्या गोडसर पांढऱ्या वाइनचा घोट. दुसऱ्या वाटीला माझेही डोळे भरून आले. मामांनाही तसंच चाखायला दिलं. त्यांनी वाटी ठेवली, तोंड पुसलं आणि पहिल्यांदा पळी खाली ठेवली.

कारण सरळ आहे. जिभेवर कॅप्सायसिन जिथे जाऊन बसतं, तिथेच उष्णतेचीही जाणीव होते. एरवी ती जागा साधारण ४२ अंशांच्या वर पेटते. अल्कोहोल हा उंबरठा खाली आणतं, इतका खाली की तोंडाची नेहमीची ऊबसुद्धा भाजल्यासारखी वाटू लागते. त्यात शिराजचं टॅनिन, म्हणजे तिच्यातलं तुरट द्रव्य, लाळेतली प्रथिनं धरून बसतं आणि तोंड कोरडं पाडतं. कोरड्या तोंडात तिखट जास्त वेळ राहतं. म्हणजे जास्त अल्कोहोल, जास्त टॅनिन, २९ अंश तापमान, आणि दही बाजूला. चार गोष्टी एकाच दिशेने ओढत होत्या. रस्सा कितीही सौम्य केला असता तरी तक्रार आलीच असती.

वेळ कमी होता. त्यांची मिनीबस जांबोटी-कणकुंबीमार्गे चोर्ला घाटाने जाणार होती, आणि तो रस्ता उजेडात संपवलेला बरा. चारला निघायचं तर हातात दीड तास.

पहिलं काम तोंडं शांत करण्याचं. पाणी देऊ नका, असं पोरांना बजावलं. पाण्याने तिखट फक्त तोंडभर पसरतं. अक्कांना सांगून तव्यावरून उतरलेल्या चौदा भाकऱ्या, वर ताजं लोणी, आणि घट्ट दही पाठवलं. सोबत मुगाच्या डाळीची कोशंबीर. भाकरी गरमच हवी. ज्वारीची भाकरी दहा मिनिटांत चिवट होते आणि मग कुणी ती चावत बसत नाही, रस्साच पीत सुटतं. ग्लास उचलले. उष्टी वाइन परत बाटलीत ओतायची नसते. ती गेली, आणि ती हॉटेलच्या खात्यावर लावली.

दुसरं काम बाटल्यांचं. मोठी बादली, निम्मा बर्फ, निम्मं पाणी, दोन मुठी खडे मीठ. पाणी घालायला बहुतेक जण विसरतात. नुसत्या बर्फाच्या खड्यांमध्ये हवा राहते आणि बाटलीला गारवा लागतो तो ठिपक्याठिपक्यांनी. पाणी काचेला सगळीकडून भिडतं. बाटली मानेपर्यंत बुडाली पाहिजे आणि दर दोन-तीन मिनिटांनी फिरवली पाहिजे. तीस अंशांवरची लाल वाइन अशी बारा-पंधरा मिनिटांत सतरावर येते. पांढरी नऊ-दहावर आणायला पंचवीस ते तीस मिनिटं. डीप फ्रीजरमध्ये टाकू नये. एक तर हवेने उशीर लागतो, दुसरं म्हणजे गर्दीत विसर पडतो; वाइन उणे पाच-सहा अंशांना गोठायला लागते, फुगते, आणि कॉर्क ढकलून बाहेर येते.

न उघडलेली तिसरी शिराज बादलीत घालायला घेतली आणि हाताला चिकट लागली. फॉइल कापलं. कॉर्क बाटलीच्या ओठापासून दोनेक मिलिमीटर वर आलेला, त्याच्या कडेला वाळलेल्या काकवीसारखी जांभळी रेघ. उघडून वास घेतला तर ताजं फळ नाहीच, उकळलेल्या मनुकांचा वास. रंग कडेला विटकरी. ही वाइन तापून गेली होती. कॉर्कमुळे येणारा दोष वेगळा, त्याला ओल्या पुठ्ठ्याचा, बंद पडलेल्या तळघराचा वास येतो. इथे दोष उन्हाचा होता. ही बाटली काउंटरमागच्या सर्वांत वरच्या फळीवर, पश्चिमेच्या खिडकीसमोर, दिसायला छान म्हणून उभी ठेवलेली होती. बेळगावात दुपार तापते आणि रात्र बऱ्यापैकी गार होते. रोजच्या या चढउताराने आतली वाइन फुगते, आकसते आणि कॉर्कला पंपासारखी हलवते. कायम २४-२५ अंशांवर राहिलेली बाटली त्यापेक्षा कितीतरी सुखात असते. ती बाटली मी मोरीत ओतली. जिन्याखालच्या कपाटातून दुसरी काढली.

मग वाढप उलटं केलं. पहिल्यांदा भरली वांगी आणि कारळ्याची चटणी, सोबत गार शेनिन ब्लाँ. बारा टक्क्यांची, किंचित गोडी असलेली. ही गोडी तिखटाला आवर घालते आणि वांग्यातल्या शेंगदाण्या-खोबऱ्याच्या कुटाशी जुळते. प्रत्येकी शंभर मिलिलीटर. साडेसातशेच्या बाटलीतून पाच ग्लास निघतात ते दीडशेच्या मापाने. तिखट जेवणावर इतकं एकदम ओतू नये, ग्लासात ती गरम होत बसते. कच्ची मेथी, कांदापात, मुळा यांच्याशी सोव्हिन्यॉ ब्लाँ ही दुसरी पांढरी वाइन जास्त चांगली जाते, तिलाही हिरवा वास असतो. फसफसती वाइन मी या थाळीला सुचवत नाही. बुडबुडे टोचतात आणि तिखट लागलेल्या जिभेला ते आणखी झोंबतं.

शिराज आली ती पांढऱ्या रश्शाबरोबर, सतरा अंशांवर. मटणाचं अळणी, नारळाचं दूध, खसखस, मिरपूड. नारळाची स्निग्धता टॅनिनला धरते, लाल मिरची त्यात नाहीच. तांबडा रस्सा शेवटी, अर्धी वाटी, दही हाताशी, वाइन बाजूला. मघाशी ज्याची तक्रार आली त्याच पातेल्यातला होता. सहा जणांनी पुन्हा मागितला.

एका ताईंनी विचारलं, इथली स्थानिक वाइन नाही का? द्राक्षं तर इथे आहेतच. अथणीपासून विजयपूरपर्यंत कृष्णेच्या खोऱ्यात बागाच बागा आहेत, पण बहुतेक माल मनुकांचा आणि खायचा. खायचं द्राक्ष मोठं, पातळ सालीचं, बिनबियांचं. वाइनचं बारीक, जाड सालीचं, बियांचं, कारण रंग आणि टॅनिन सालीतून आणि बियांतून येतं. थॉमसन या खायच्या बिनबियांच्या वाणाची वाइन करता येते, पण ती फिकी होते. कर्नाटकाचं वाइन धोरण २००७ चं आहे आणि वाइनच्या वाणांच्या बागा आहेत, त्या खाण्याच्या द्राक्षांच्या मानाने थोड्या.

गोडाला कुंदा दिला आणि त्याच्यासोबत वाइन द्यायला नकार दिला. गोड पदार्थापेक्षा वाइन गोड नसेल तर ती आंबट लागते, आणि कुंद्यापेक्षा गोड वाइन कुठून आणायची? करपवलेली साखर, आटवलेला खवा. त्याच्यावर बिनसाखरेची कॉफी. गोकाकच्या करदंट या मिठाईचं निराळं आहे. डिंक, गूळ, सुकं अंजीर, त्यामुळे गोव्यातली गोड पोर्ट त्याला शोभते. त्यांनी दोन डबे बांधून घेतले आणि ती जोडी पणजीत पोचल्यावर, गाडी उभी राहिल्यावर जमवायची असं ठरलं.

ड्रायव्हरदादांना पहिल्यापासून वेगळं बसवलं होतं. दोन भाकऱ्या, झुणका, ताक. घाटाच्या वळणांवर तेलकट तर्री पोटात हलते, आणि भातावर भात घेतला की कणकुंबीच्या अलीकडेच डोळे जड होतात. मळमळणाऱ्यांनाही हेच, फक्त झुणक्याऐवजी दहीभात. चार वाजून दहा मिनिटांनी बस निघाली.

संध्याकाळी मी आणि मामांनी वरची फळी रिकामी केली. एकोणीस बाटल्या निघाल्या, त्यांतल्या चार कॉर्क उचललेल्या. कॉर्कच्या चांगल्या बाटल्या आडव्या करून जिन्याखाली, म्हणजे कॉर्क ओला राहतो. फिरकीच्या झाकणाच्या उभ्या ठेवल्या तरी चालतात. वरच्या फळीवर आता रिकाम्या बाटल्या आहेत, दिसायला. कपाटाच्या आत सुतळीने एक थर्मामीटर टांगला. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला बघितलं तेव्हा काउंटरवर ३३ अंश होते, जिन्याखाली २४.