तबला सोडला नाहीये हां, फक्त दांडपट्टा उचललाय
१२ वर्षं तबला-ढोलकी वाजवून पोट भरलं आणि आज नाटकातल्या मावळ्याच्या रोलसाठी कोल्हापुरात मर्दानी खेळाच्या आखाड्यात पहिला दिवस. वस्ताद म्हणाले आधी पाय, हत्यार नंतर! तबल्यात सगळा खेळ बोटांचा नि मनगटाचा, आणि इथे दांडपट्ट्याची मूठ जवळजवळ कोपरापर्यंत हात झाकते, म्हणजे मनगट लॉकच, सगळं खांद्यातून फिरवायचं, बाराच वाजले माझे. पवित्रे मात्र पटकन बसले, मनात धा धिं धिं धा चालूच होतं ना 😄 अमेरिकन गायक एल्विस प्रेस्लीपण १९५६ ला सिनेमात आला, मग सैन्यात असताना कराटे शिकला, १९६० ला ब्लॅक बेल्ट! (तुलना नाही हो, धीर देतोय स्वतःला.) आत्ता चहाचा कप धरताना हात थरथरतोय आणि रविवारी लग्नात वाजवायचंय.